लाखाचं यंत्र नको, सेकंदांचा हिशेब हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अ‍ॅनिमेशनच्या क्षेत्रावर लेख आला होता. लेख माहितीचा होता, पण त्यातली दोन वाक्यं मला काही पचली नाहीत. पहिलं असं, की संगणकावर अ‍ॅनिमेशन फिल्म करायची तर दीड-दोन लाखांचा कोर्स, तेवढाच महाग संगणक आणि दहा-बारा जणांची टीम हवी, हौशी माणसानं त्या फंदात पडू नये. दुसरं शेवटी होतं. आता एक वाक्य टंकलं की यंत्र आपोआप फिल्म काढून देतं, तेव्हा शिकायचीही फारशी गरज उरणार नाही. एकाच लेखात ‘तुम्हाला जमणार नाही’ आणि ‘करायची गरजच नाही’ असं दोन्ही वाचायला मिळालं, म्हणून हे पत्र. लांबलंय, त्याबद्दल क्षमा असावी. कात्री आपल्या हातात आहेच.

मी एसटीतून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालेला कंडक्टर. नोकरीची बहुतेक वर्षं कऱ्हाड, पाटण, कोयनानगर या पट्ट्यात गेली, मधली काही कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या गाडीवर. संगणक म्हणाल तर तिकिटाचं मशीन सोडून कशालाही हात लावलेला नव्हता. निवृत्तीनंतर नातीनं मला ब्लेंडर नावाचं अ‍ॅनिमेशन करायचं सॉफ्टवेअर दाखवलं. ते फुकट आहे. फुकट म्हणजे चोरीचं नव्हे, आणि महिनाभराच्या चाचणीपुरतंही नव्हे. टॉन रोझेंडाल या हॉलंडच्या माणसानं ते बनवलं. पुढे त्याची कंपनी बुडाली, तेव्हा २००२ साली जगभरच्या वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमवून ते सोडवून घेतलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. गावकीनं वर्गणी काढून देऊळ बांधावं, तसं लोकांनी हे हत्यार राखलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि ते शिकाऊंसाठीचं, असं कुणी समजू नये. २०२५ साली अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेली ‘फ्लो’ ही लॅटव्हियाची फिल्म याच ब्लेंडरवर बनली. त्यात एकही संवाद नाही. हे मुद्दाम सांगतो, पुढे लागणार आहे.

माझी फिल्म दोन मिनिटं वीस सेकंदांची आहे. गोष्ट अशी. घाटातली सकाळची मुक्कामी गाडी. शेवटच्या बाकावर एक आजी, शेजारी एक पोतं आणि पोत्यावर उभी शेळी. (शेळी एसटीत चढवता येते का, यावर वाचकांनी कृपया पत्रं धाडू नयेत. फिल्ममध्ये मी चढवली आहे.) छताखालून घंटीची दोरी जाते आणि तिचं सुटं टोक शेळीच्या तोंडासमोर लोंबतंय. शेळी दोरी चघळते. टण्. एक घंटी म्हणजे थांबा. ड्रायव्हर गाडी थांबवतो. उतरणारं कुणी नाही. कंडक्टर मागं बघतो, सगळे प्रवासी खिडकीबाहेर बघतायत. टण् टण्. दोन घंट्या म्हणजे चला. असं चालत राहतं. शेवटी वैतागलेला कंडक्टर खाली उतरून ड्रायव्हरशी हुज्जत घालायला जातो. तेवढ्यात टण् टण्. गाडी कंडक्टरला सोडून निघते. तो पळत पळत कसाबसा दांडीला लटकतो, आत येतो आणि रागानं दोरीला हात घालतो, तर दोरीच नाही. शेळीनं ती संपवलेली असते. पुढे स्टॉप आलाय, गाडी थांबवायची कशी? सगळी गाडी गप्प. शेळी म्हणते, ‘ब्यां.’ गाडी थांबते. म्हातारी उतरायला निघते, शेळीला पोत्यावरून खाली ओढते. कंडक्टर शेळीचा कान धरून तिला गाडीतच ठेवून घेतो आणि म्हातारीच्या हातात शेळीचे पैसे ठेवतो. म्हातारी उतरते. ‘ब्यां ब्यां.’ गाडी निघते. संपलं.

आता मूळ मुद्दा. या सगळ्यात महाग काय पडलं? संगणक नाही. तो मी जुना, वापरलेला घेतला, बावीस हजारांत, सोबत एक जुनंच ग्राफिक कार्ड. महाग पडतो तो सेकंद. सिनेमाच्या एका सेकंदात २४ चित्रं असतात, त्यांनाच फ्रेम म्हणतात. दोन मिनिटं वीस सेकंद म्हणजे ३३६० चित्रं. प्रत्येक चित्रात प्रकाश कुठून येतो, सावली कुठं पडते, याचा हिशेब संगणक करतो. त्यालाच रेंडर म्हणतात. ब्लेंडरमध्ये त्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत प्रकाशाचा किरण अन् किरण मोजला जातो. माझ्या मशीनवर त्या पद्धतीनं एका चित्राला चार मिनिटं लागतात, म्हणजे पूर्ण फिल्मला २२४ तास. मशीन नऊ दिवस-रात्री अखंड चालू ठेवायची. दुसरी पद्धत थोडी लबाडी करते, प्रकाश अंदाजानं टाकते. तिला एका चित्राला वीस सेकंद लागतात आणि सगळं काम अठरा तास चाळीस मिनिटांत उरकतं. शेळीच्या विनोदाला किरणांची इतकी नाजूक मोजदाद लागत नाही. मी दुसरी पद्धत घेतली आणि त्याचं मला जराही दुःख नाही. लेखातला लाखाचा संगणक लागतो तो पहिल्या पद्धतीच्या हट्टाला.

पण रेंडर हे शेवटचं काम. त्याआधी चित्र हलवायचं असतं आणि त्याच्याही आधी काय हलवायचं हे ठरवायचं असतं. हौशी माणूस नेमका उलट्या बाजूनं सुरुवात करतो, असं मी आजूबाजूच्या पोरांमध्ये पाहतो. आधी एक सुंदर राक्षस किंवा गाडी बनवतो, तिचे नटबोल्टसुद्धा बनवतो, आणि मग ‘आता हिचं काय करायचं’ म्हणून बसतो. त्यातून फिल्म होत नाही, शोकेस होतं. मी पहिले कितीतरी आठवडे ब्लेंडर उघडलंच नाही. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. मागची बाजू कोरी आणि कागद जाड. एका पत्रिकेवर एक चित्र, काडीपैलवान माणसं आणि चार पायांची शेळी. त्या सतरंजीवर पसरायच्या, क्रम बदलायचा, काढून टाकायच्या. यालाच ते लोक स्टोरीबोर्ड म्हणतात. पत्रिकांचा फायदा असा की काढून टाकताना जीव तुटत नाही. तीच गोष्ट संगणकावर घडवलेली असती तर काढवली नसती.

खूप काही काढलं. एक नवरदेव होता, मुंडावळ्या बांधलेला, उशीर होतोय म्हणून घड्याळ बघणारा. एक फणस होता, जो प्रत्येक ब्रेकला गाडीभर गडगडत जायचा. फणसाचं मला अजून वाईट वाटतं, फार गमतीशीर होता. पण फणस गडगडला की लोक फणसाकडे बघतात, शेळीकडे नाही. दोन मिनिटांच्या फिल्ममध्ये एकच गंमत मावते आणि बाकी सगळ्यांनी तिची हमाली करायची असते. नवरदेव आणि फणस हमाली करायला तयार नव्हते.

घंटी तीनदाच वाजते, तीही अशीच कापून कापून. पहिल्या वेळी प्रेक्षकाला नियम कळतो : एक टण् थांबा, दोन टण् चला. एसटीत न बसलेल्या परदेशी माणसालाही तो कळला पाहिजे, म्हणून पहिली वेळ जरा सावकाश. दुसऱ्या वेळी नियम पक्का होतो, ती निम्म्या वेळात उरकली. तिसऱ्या वेळी नियमच उलटतो, कंडक्टर खाली आणि गाडी वर. मी आधी चौथी वेळही ठेवली होती, प्रवासी एकमेकांवर आळ घेतात अशी. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर ती गळाली. कशी, ते सांगतो.

पत्रिकांचे मोबाइलवर फोटो काढायचे, ते एकापाठोपाठ लावायचे, प्रत्येक किती सेकंद दिसेल ते ठरवायचं आणि खाली तोंडानंच ‘टण्’, ‘ब्यां’, इंजिनाची घरघर भरायची. याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. काही हलत नाही, पण फिल्म किती वेळाची आहे आणि हसू कुठं येतंय हे कळतं. माझ्या मते हौशी माणसानं आपला निम्मा वेळ इथंच घालवावा, कारण इथं एक सेकंद कापायला काही लागत नाही आणि पुढे त्याच सेकंदासाठी २४ चित्रं घडवावी लागतात. मी ते अ‍ॅनिमॅटिक घेऊन टपरीवर जायचो. तिथं आम्ही जुने कंडक्टर-ड्रायव्हर सकाळी बसतो. मोबाइल त्यांच्या हातात द्यायचा आणि आपण पडद्याकडे न बघता त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं. चौथ्या वेळेला सगळ्यांची नजर मोबाइलवरून उठून चहाकडे गेली. गळाली.

त्याच टपरीवर मला फिल्मची सगळ्यात चांगली सूचना मिळाली. एक ड्रायव्हर म्हणाला, “घंटी वाजली की लगेच ब्रेक कोण मारतो? ड्रायव्हर आधी आरशात बघतो.” बरोबर होतं. आयुष्यभर मी त्याच्या मागं उभा राहिलो, पण तो काय करतो हे त्यानंच सांगावं लागलं. मग मी असं बसवलं : घंटी, मग बारा फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद ड्रायव्हर आरशात बघतो, सहा फ्रेममध्ये मान सरळ, आणि मग ब्रेक. या पाऊण सेकंदाच्या थांबण्यानं काय झालं बघा. प्रेक्षकाला ब्रेक लागणार हे ड्रायव्हरच्या आधी कळतं. तो मनातल्या मनात ‘आता मारतोय’ म्हणतो आणि मग गाडी थांबते. विनोदात प्रेक्षकाला अर्धं पाऊल पुढे चालू द्यावं, असं माझं मत झालंय. फार पुढे गेला तर कंटाळतो, मागं राहिला तर गोंधळतो.

शेळीच्या पहिल्या ‘ब्यां’नंतर तर मी पूर्ण दोन सेकंद, म्हणजे ४८ फ्रेम, काहीच होऊ दिलेलं नाही. शेळी गप्प, कंडक्टर गप्प. ड्रायव्हर आरशात बघतो. सगळी गाडी त्याच्याकडे बघते. मग ब्रेक. एका सेकंदावर ठेवलं तेव्हा लोक नुसते हसले, दोनवर ठेवलं तेव्हा टपरीवाला चहा गाळायचा थांबला. तीनवर नेलं तर एकानं मोबाइल अडकला समजून बोट लावलं. हा हिशेब कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नसतो, माणसांसमोर बसूनच करावा लागतो.

हलवण्याबद्दल थोडं सांगतो, कारण लेखात ‘संगणक आपोआप हलवतो’ असं वाचलं. अर्धं खरं आहे. तुम्ही दहाव्या फ्रेमला हात खाली आणि तिसाव्याला हात वर असं ठरवलं, त्याला कीफ्रेम म्हणतात, की मधली चित्रं संगणक भरतो. पण त्याच्या मनाप्रमाणे भरतो. सगळं गुळगुळीत, तुपातून सरकल्यासारखं. त्या हालचालीला वजन नसतं. वजन नसलं की माणूस पडला तरी हसू येत नाही. म्हणून सुरुवातीला मधली चित्रं भरूच द्यायची नाहीत. ब्लेंडरमध्ये तशी सोय आहे, माणूस एका अवस्थेतून थेट दुसऱ्या अवस्थेत उडी मारतो. त्या उड्या बघूनच विनोद उभा राहतो की नाही ते ठरवायचं आणि मग मधलं भरायचं.

डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघा जुन्या अ‍ॅनिमेटरांनी १९८१ साली हालचालीचे बारा नियम पुस्तकात मांडले. ते मला नातीनं समजावून दिले. त्यातला एक नियम असा की शरीराचे सगळे भाग एकदम थांबत नाहीत. मी म्हणालो, बाई, हे मला तू सांगतेस? माझं सगळं आयुष्य उभ्या प्रवाशांच्या गर्दीत गेलंय. ब्रेक लागला की आधी कंबर पुढे जाते, मग छाती, मग मान, मग डोक्यावरची टोपी. सगळ्यात शेवटी दांडीला अडकवलेली पिशवी. गाडी थांबल्यावर परत सगळं मागं, त्याच क्रमानं. प्रत्येकाला दोन-दोन फ्रेम उशिरा हलवलं की गाडी खरी वाटायला लागते. कंडक्टर मात्र ब्रेकच्या आधी किंचित पाय फाकवून उभा राहतो, ती सवय असते. माझ्या फिल्ममध्येही तो तसाच उभा राहतो. एवढीच गोष्ट पाहून आमच्या आगारातला एक जण म्हणाला, “हा आपला माणूस आहे.” मला पुरस्कार मिळाला.

ज्यांना करून पाहायचंय त्यांच्यासाठी काटकसरीचं सांगतो, कारण टीम नसली की काटकसर हीच टीम. माझ्या बसला उजवी बाजू नाहीच. कॅमेरा ड्रायव्हरच्या मागून शेवटच्या बाकाकडे बघतो आणि सगळी गंमत त्याच चौकटीत आहे : पुढे आमच्याकडे तोंड केलेला कंडक्टर, त्याच्या पाठीमागे शेळी. आपल्याला शेळी दिसते, त्याला दिसत नाही. विनोदाचं निम्मं काम कॅमेऱ्याच्या या एका जागेनंच केलं. प्रवाशांना पाय नाहीत, पुढच्या बाकाच्या पाठीआड झाकले गेलेत. धडं दोनच बनवली, एक बाईचं, एक पुरुषाचं. मग कुणाला टोपी, कुणाला पटका, कुणाला मफलर, कुणाला डोक्यावर पदर, कुणाचं पोट थोडं पुढे. म्हातारीचं लुगडं हलत नाही, कापड हलवणं हा स्वतंत्र उद्योग आहे आणि उतरेपर्यंत आजी बसलेलीच असते. शेळी चालत नाही. चार पायांची चाल बसवणं भल्याभल्यांना घाम फोडतं. माझी शेळी पोत्यावर उभी राहते, फक्त मान, जबडा, कान आणि शेपूट हलतं. शेवटी खाली ओढली जाते, तेव्हा ती खिडकीखाली दिसेनाशी होते. अंगावर केस नाहीत, रंगातच केसांचा भास दिलाय. खिडकीबाहेरचा घाट म्हणजे एक लांबलचक रंगवलेली पट्टी, ती मागं सरकत राहते आणि संपली की पुन्हा सुरू होते. पाहणाऱ्याला कळत नाही, तो शेळीकडे बघत असतो. गाडीचा खडखडाट तर सगळ्यात स्वस्त. कॅमेऱ्याला बारीकशी अनियमित थरथर लावायची सोय आहे, ती लावली आणि रस्ता आपोआप पाटणच्या पुढचा झाला.

वेळ मी खर्च केला तो दोनच ठिकाणी, कंडक्टरच्या भुवया आणि शेळीचा जबडा. शेळी रवंथ करताना जबडा वरखाली हलवत नाही, आडवा फिरवते. दोरी तोंडात असताना ती क्षणभर थांबते आणि पुन्हा फिरवते. तो थांबायचा क्षण म्हणजेच घंटी. शेजाऱ्यांच्या गोठ्यात मोबाइल घेऊन बसलो तेव्हा हे दिसलं. ज्याला विनोदी अ‍ॅनिमेशन करायचंय त्यानं आधी गोठ्यात, स्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत तास-तासभर बसावं. तिथं फीही लागत नाही.

आवाजाचं एक आश्चर्य. घंटी खरी आहे, भंगारवाल्याकडून आणलेली जुनी. इंजिन खरं आहे. शेळीचा आवाजही आधी खराच घेतला होता. पण खऱ्या शेळीचं ‘ब्यां’ ऐकून माणसांना दया यायची, बिचारीला चारा नाही मिळाला वाटतं, अशी. मग नातीनं आवाज काढला, थोडा उद्धट, थोडा सरकारी. हशा तिथंच पिकला. संवाद मी ठेवले नाहीत. ओठ शब्दांबरोबर जुळवणं फार किचकट, आणि बोलणारा कंडक्टर मला कमी हसरा वाटला. मुकाट फिल्मलाही ऑस्कर मिळतं हे वर सांगितलंच आहे. संवाद नसल्यानं ती नातीच्या चेन्नईच्या मैत्रिणीलाही कळली, फक्त दोन घंट्यांचा अर्थ पहिल्यांदा कळेपर्यंत तिला जरा वेळ लागला.

विजेबद्दल एक व्यवहाराची सूचना. रेंडर करताना थेट व्हिडिओ बनवायला सांगू नये. एकेक सुटं चित्र साठवायला सांगावं. वीज मध्येच गेली तर व्हिडिओ अर्धवट राहून वाया जातो, सुटी चित्रं मात्र राहतात. वीज आली की जिथं थांबलं तिथून पुढे. शेवटी सगळी चित्रं आवाजाबरोबर जोडायची. आमच्याकडे पावसाळ्यात घाटमाथ्यावर झाड पडलं की दिवसभर वीज नसते. ज्याला हे ठाऊक नाही त्याची फिल्म नव्हे, उमेद वाया जाते.

एक वाक्य टंकून फिल्म मिळण्याबद्दलही बोलतो, कारण मी तेही करून पाहिलं. नातीच्या मोबाइलवर आम्ही लिहिलं, शेळी बसमधली दोरी चघळते. शेळी आली. माझ्यापेक्षा कितीतरी देखणी, केसाळ, डोळ्यात पाणी. दोरी तिच्या गालातून आरपार गेली होती, ते असो, उद्या सुधारेल. पण ‘जबडा थांबल्यावर सहा फ्रेमनी घंटी, मग अर्धा सेकंद आरसा’ हे त्या यंत्राला सांगता येईना. सांगितलं की ते नवी शेळी आणायचं, नवी बस आणायचं. माझा त्या यंत्रावर राग नाही. डोंगर, ढग, गर्दी असलं त्यानं जरूर काढावं. पण कुठं थांबायचं हे ठरवणारा कुणीतरी लागणारच, आणि ते ठरवायला तो आधी टपरीवर बसलेला असावा लागतो.

आपल्या मातीत हे काम नवं नाही, हेही लेखात यायला हवं होतं. आमच्याच त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवताना आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारी छोटी फिल्म केली. थोड्या थोड्या वेळानं एकेक चौकट टिपायची, म्हणजे वेल डोळ्यांदेखत वाढते. पुढे आगकाड्यांचीही त्यांनी अशीच हालती मौज केली. त्यांच्याजवळ टीम नव्हती, एक कॅमेरा, एक कुंडी आणि घरची माणसं होती. नंतर मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ साली उभा राहिला. माझ्या पिढीनं ‘एक, अनेक और एकता’ ही कार्टून फिल्म टीव्हीवर पाहत कितीतरी सकाळी काढल्या. १९७४ ची ती फिल्म दिग्दर्शित करणाऱ्या विजया मुळे या मराठी, मुंबईच्या. हे सगळं असताना आपल्याकडे अ‍ॅनिमेशन म्हटलं की कोर्सचं माहितीपत्रक पुढे येतं, याचं नवल वाटतं.

कोर्स वाईट असं मी म्हणत नाही. ज्याला त्यात नोकरी करायचीय त्यानं शिकावं, पण फी भरण्याआधी एक दोन मिनिटांची गंमत घरी पूर्ण करून पाहावी. तीस सेकंदांचीही चालेल. पूर्ण हा शब्द महत्त्वाचा. सुरुवात, मधलं, शेवट, आवाज, नावं, सगळं. ज्याला ते करताना मजा आली त्यानं पुढे जावं.

तर माझी मागणी छोटी आहे आणि तीच या पत्राचं कारण. आपल्या राज्यात १९६७ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आहे, अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत. तालुक्यांमधल्या काही ग्रंथालयांत संगणक आहेत. मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावर आच्छादन घातलेलं असतं आणि आठवड्यातून एकदा वर्गणीची नोंद होते. त्यातला एखादा संगणक जरी बरा असेल तर त्यावर ब्लेंडर फुकट बसतं. मराठीतून शिकवणारं कुणी नसेल तर आमच्यासारखे रिकामटेकडे आहेत. आपल्या वृत्तपत्रानं या विषयावर एखादी मालिका चालवली, तर शहरातल्या कोर्सवाल्यांऐवजी तालुक्यातल्या हौशींना विचारून चालवावी. आणि मराठीत शिकवताना शब्द सोपे ठेवावेत. कीफ्रेमला कीफ्रेमच म्हणावं, पोरांना ते लगेच कळतं. त्याला नवा संस्कृत शब्द शोधण्यात जाणारा वेळ शेळीचा जबडा फिरवण्यात घालवावा.

कऱ्हाडातल्या कुठल्या ग्रंथालयाला यात रस असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत माझ्याशी संपर्क साधावा. शनिवारी दुपारी तीननंतर मी मोकळा असतो. सोबत कोऱ्या पाठीच्या लग्नपत्रिका आणाव्यात, माझ्याकडच्या संपत आल्यात.

आपला,
एक निवृत्त वाहक, कऱ्हाड
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी स्वतंत्र कळवला आहे, छापू नये.)